कृष्णधवल रोलवर गती आणि डेप्थ ऑफ फील्ड: एकत्र शिकावं की वेगवेगळं?

कवडसा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पूर्ण मॅन्युअल ३५ एमएम एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलंच दृश्य दाखवणारा कॅमेरा) आहे. लेन्स ५० एमएम एफ/२, शटर १ सेकंदापासून १/१००० पर्यंत, मीटर व्यवस्थित चालतो. आतापर्यंत ४०० आयएसओचेच (आयएसओ म्हणजे फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) कृष्णधवल रोल वापरलेत. रोल घरीच डेव्हलप करतो आणि निगेटिव्ह छापण्याजोग्या येतात. एक्सपोजरची भीती आता उरलेली नाही.

आता दोन गोष्टी नीट शिकायच्या आहेत. शटरने गती कशी दाखवायची आणि अ‍ॅपर्चरने (लेन्सच्या छिद्राने; एफचा आकडा मोठा तसं छिद्र लहान) खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, पुढून मागे किती भाग रेखीव राहतो ते, कशी कमीजास्त करायची. बेत असा होता की एक रोल फक्त शटरसाठी खर्च करायचा, दुसरा फक्त अ‍ॅपर्चरसाठी. पण भर उन्हात मीटर एफ/१६ ला १/५०० दाखवतो. लेन्स उघडावी तर शटर १/१००० च्या पुढे जात नाही. शटर हळू करावं तर लेन्स एफ/१६ च्या पुढे बंद होत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात बांधलेले.

आधी एक शिकून मग दुसरं घ्यावं, की दोन्ही एकदम? आणि रोल कोणता वापरावा?

अर्धा_स्टॉप

माझं मत ठाम आहे: एकदम शिका. एक घर शटर हळू केलं की अ‍ॅपर्चर एक घर बंद करावंच लागतं, नाहीतर निगेटिव्ह काळीकुट्ट होईल. त्यामुळे गतीचा प्रत्येक निर्णय हा खोलीचाही निर्णय असतो. ही देवाणघेवाण डोळ्यांनी बघितल्याशिवाय दोन वेगळे रोल खर्चून फार काही हाती लागणार नाही.

पण तुमची खरी अडचण क्रमाची नाही, उजेडाची आणि रोलची आहे. स्वच्छ उन्हात एफ/१६ ला शटर साधारण रोलच्या आयएसओइतकं लागतं. ४०० च्या रोलला १/५०० आलं ते त्यामुळेच. तिथून एफ/२ पर्यंत यायचं म्हणजे सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे एक घर, उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे १/३२०००. कापडी किंवा धातूच्या पडद्याच्या जुन्या कॅमेऱ्यात असलं शटर नसतंच.

१०० किंवा १२५ आयएसओचा रोल घ्या आणि उघड्या सावलीत जा. उघडी सावली म्हणजे जिथे थेट ऊन नाही पण डोक्यावर आकाश मोकळं आहे अशी जागा. तिथला उजेड उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉपने कमी असतो. सावली-सावलीत फरक असतो, तेव्हा मीटरने खात्री करून घ्या. १०० आयएसओला एफ/५.६ आणि १/१२५ आलं की तुमच्या हातात ही अख्खी शिडी असते:

एफ/२ ला १/१०००, एफ/२.८ ला १/५००, एफ/४ ला १/२५०, एफ/५.६ ला १/१२५, एफ/८ ला १/६०, एफ/११ ला १/३०, एफ/१६ ला १/१५.

सात पायऱ्या. लेन्सचं एकही घर वाया जात नाही आणि शटरचा सगळ्यात उपयोगी भाग पूर्ण वापरला जातो.

आता सराव. एका रेषेत मागे मागे जाणारं काहीतरी शोधा: खांब, झाडं, कुंपण. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा आणि या रांगेकडे तिरपा ठेवा. तिसऱ्या खांबावर फोकस करून लेन्सला पुन्हा हात लावू नका. कुणालातरी त्या तिसऱ्या खांबाजवळून आडवं चालायला सांगा. दर वेळी तोच रस्ता, तोच वेग. सातही पायऱ्यांवर एकेक फ्रेम घ्या. कॉन्टॅक्ट शीटवर (सगळ्या निगेटिव्ह मूळ आकारात एकाच कागदावर छापतात ती) त्या शेजारी शेजारी येतील. पहिल्या फ्रेममध्ये माणूस थिजलेला आणि मागचे खांब विरघळलेले दिसतील. सातव्या फ्रेममध्ये सगळे खांब उभे आणि माणूस ओघळलेला. मधल्या पाच फ्रेम्समध्ये हा बदल नेमका कुठे होतो हे बघण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

आणखी एक फायदा. सातही निगेटिव्हची घनता सारखीच यायला हवी. एखादी वेगळी आली तर त्या घराचं शटर किंवा अ‍ॅपर्चरच्या पात्या नीट चालत नाहीत असं समजा. जुन्या कॅमेऱ्यांत १/१००० बऱ्याचदा मंदावलेलं असतं.

लांब_सावली

अर्धा_स्टॉप यांचा सराव चांगला आहे, पण सुरुवात त्याने करू नये असं मला वाटतं. एकाच फ्रेममध्ये दोन गोष्टी बदलल्या की शिकणाऱ्याची नजर आधी खांबांवर जाते आणि गतीकडे दुर्लक्ष होतं. गती आधी एकटी बघा.

त्यासाठी झोपाळ्याइतकी चांगली गोष्ट नाही. पाच मीटरवर बाजूने बसा. शटर १/६० वर ठेवा आणि हलवू नका, अ‍ॅपर्चर मीटर सांगेल ते. आता फक्त बटण कधी दाबायचं एवढंच बदला. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थांबतो, तिथे १/६० ला चेहरा रेखीव येतो. तळाशी वेग सगळ्यात जास्त, तिथे त्याच १/६० ला माणूस पुसला जातो. तोच उजेड, तेच शटर, तोच माणूस, आणि दोन टोकांची चित्रं. उडी मारणाऱ्याचंही तसंच. वर जाणं संपून खाली येणं सुरू व्हायच्या मधे तो हवेत थांबलेला असतो, तिथे १/१२५ सुद्धा पुरतं.

लोक गतीचं चित्र म्हटलं की आधी शटरच्या चकतीकडे हात नेतात. आधी हालचाल बघायला शिकलं पाहिजे. ती कुठे मंदावते, कुठे वळते, कुठला भाग थांबलाय आणि कुठला पळतोय.

अर्धा_स्टॉप

झोपाळा मान्य. आधी झोपाळा, मग शिडी, असं करायला माझी हरकत नाही. दोन्ही मिळून एका रोलमध्ये सहज बसतं.

मोजूनमापून

"अमुक गोष्टीला अमुक शटर" अशी कोष्टकं पाठ करण्यापेक्षा एकदा हिशोब करून बघा. मग कोष्टकाची गरजच उरत नाही.

समजा सायकल ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, तुमच्यासमोरून आडवी जातेय आणि अंतर १० मीटर आहे. ५० एमएम लेन्स १० मीटरवरची वस्तू फिल्मवर साधारण २०० पट लहान उमटवते. म्हणजे सायकलची प्रतिमा फिल्मवर सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते. आता शटरने भागा. १/१००० ला ती ०.०२५ मिमी सरकते, १/१२५ ला ०.२ मिमी, १/३० ला ०.८३ मिमी.

३५ एमएमच्या फ्रेमवर ०.०३ मिमीपर्यंतचा ठिपका आपण बिंदू म्हणून चालवून घेतो. डेप्थ ऑफ फील्डची कोष्टकंही बहुतेक याच आकड्यावर बेतलेली असतात. म्हणजे ही सायकल खरोखर थिजवायची तर १/१०००. ८×१० इंचाची प्रिंट म्हणजे साधारण साडेआठ पट मोठी प्रतिमा. तिच्यावर १/१२५ चं पुसणं पावणेदोन मिमीचं दिसेल, ते धड थिजलेलंही नाही आणि धड वाहतंही नाही. १/३० ला सात मिमी. तिथे बघणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलंय.

अंतर दुप्पट केलं की पुसणं निम्मं. लेन्सचा एमएमचा आकडा दुप्पट केला की पुसणं दुप्पट. सायकल तिरपी आली तर कमी, थेट तुमच्याकडे आली तर फारच कमी.

खोलीचाही हिशोब तोच ०.०३ धरून. ५० एमएम लेन्सने २ मीटरवर फोकस केलं तर एफ/२ ला साधारण १.९१ पासून २.१० मीटरपर्यंत, म्हणजे वीतभरही नाही, एवढंच रेखीव. एफ/१६ ला तेच १.४४ पासून सव्वातीन मीटरपर्यंत. १ मीटरवर एफ/२ ला उरतात जेमतेम ५ सेंमी. डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम बसवायला कॅमेरा वळवला तर तेवढ्यात डोळा निसटतो. त्यामुळे जवळून आणि उघड्या लेन्सने काम करताना आधी फ्रेम बसवा, मग फोकस.

डार्करूमवाली

वर सगळं शटर आणि अ‍ॅपर्चरचं चाललंय. कृष्णधवलमुळे काय बदलतं ते कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

रंगीत चित्रात लाल कपड्यातला माणूस हिरव्या झुडपासमोर आपोआप वेगळा उठून दिसतो. कृष्णधवल फिल्मवर तो लाल आणि तो हिरवा जवळपास एकाच करड्या छटेचे येऊ शकतात. मग माणूस झुडपात बुडतो. रंगाने केलेली फारकत गेली की तुमच्याकडे तीनच मार्ग उरतात: छटेचा फरक, रेखीवपणाचा फरक आणि हालचालीचा फरक. कृष्णधवलमध्ये डेप्थ ऑफ फील्ड ही सजावट नाही. समोरचं आणि मागचं वेगळं करण्याचं ते मुख्य हत्यार आहे. एफ/२ ला मागचं झुडूप विरघळवलं की करड्यावरचा करडा माणूसही नीट वाचता येतो.

गतीचं जरा वेगळं आहे. हलणारी वस्तू पुसली जाते तेव्हा तिची छटा मागच्या छटेत मिसळते. गडद पार्श्वभूमीसमोर उजळ वस्तू हलली तर तिची वाट स्पष्ट पांढरी उमटते, कारण उजेड पडला की फिल्मवर नोंद राहते. उजळ पार्श्वभूमीसमोर गडद वस्तू हलली तर मागचा उजेड तिला खाऊन टाकतो आणि ती पातळ होत होत नाहीशी होते. पांढऱ्या भिंतीसमोर काळ्या कपड्यातला माणूस १/४ सेकंदाला चालला तर कधीकधी भिंतच उरते. म्हणून शिडीच्या सरावात चालणाऱ्याला फिक्या रंगाचे कपडे घालायला सांगा आणि मागे गडद काहीतरी असू द्या. नंतर उलटं करून बघा. हा फरक फक्त वाचून लक्षात राहत नाही.

फिल्टरही इथे दुहेरी कामाचे आहेत. लाल फिल्टर आकाश गडद करतो आणि साधारण तीन स्टॉप उजेड खातो. म्हणजे एनडी फिल्टर (छटा न बदलता फक्त उजेड कमी करणारा) जवळ नसेल तरी लाल फिल्टरने शटर तीन घरं हळू करता येतं. फक्त तो छटाही बदलतो हे लक्षात ठेवा. लाल वस्तू फिकी येईल, पानं गडद.

सायंछाया

थोडा इतिहास, कारण तो या धाग्याच्या विषयाशी फार जवळून जोडलेला आहे.

छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दाग्युएरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रुंद रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता गजबजलेला असणार, पण चित्रात तो ओसाड आहे. एक्सपोजर कित्येक मिनिटांचं होतं, चालत्या माणसांची आणि गाड्यांची नोंदच झाली नाही. उरला तो फक्त एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा माणूस. डार्करूमवाली म्हणतात ते उजळ रस्त्याने गडद माणसं खाल्ल्याचं हे सगळ्यात जुनं उदाहरण.

दुसरं टोक १८७८ मधलं. छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीने १२ कॅमेरे मांडून धावत्या घोड्याच्या हालचाली टिपल्या. घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात हे त्यातून दिसलं. आणि ते पाय पुढेमागे ताणलेले असताना नाही, जसे चित्रकार शतकानुशतकं काढत आले होते. ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

१९३२ हे वर्ष मला फार आवडतं. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी ग्रुप एफ/६४ काढला. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं छोटंसं छिद्र हेच त्यांचं नाव आणि पुढून मागपर्यंत लख्ख रेखीवपणा हा त्यांचा आग्रह. आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये कार्तिए-ब्रेसाँने रेल्वे स्टेशनमागच्या साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. त्याची टाच पाण्याला टेकायच्या बेतात आहे आणि अंग थोडं पुसलेलं आहे. ते पूर्ण थिजलेलं असतं तर उडी तेवढी जिवंत वाटली नसती असं मला मनापासून वाटतं.

आणि ओटो श्टाइनर्टचं १९५० मधलं चित्र आवर्जून बघा. चालणारा माणूस पुसून जवळजवळ नाहीसा झालाय, उरलाय तो फक्त जमिनीवर टेकलेला एक पाय.

मोजूनमापून

सायंछाया, त्या एका पायामागचं कारण सुंदर आहे. माणूस चालतो तेव्हा त्याचं धड सारख्या वेगाने पुढे जातं, पण टेकलेलं पाऊल जमिनीच्या हिशोबाने पूर्ण थांबलेलं असतं. उचललेलं पाऊल मात्र धडापेक्षा जोरात पुढे येतं. म्हणून १/१५ च्या चित्रात एक बूट शिलाईसकट दिसतो आणि दुसरा नाहीसा होतो.

चाकाचंही तेच. सायकल घरंगळत जाते तेव्हा चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि वरचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने जात असतो. कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेल्या चित्रात चाकाच्या तळाच्या तारा मोजता येतात आणि वरच्या सगळ्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. कॅमेरा सायकलबरोबर फिरवला की हा फरक जातो, कारण आता कॅमेऱ्याच्या दृष्टीने चाक फक्त आसाभोवती फिरतंय. कुणाचंही चित्र बघून कॅमेरा फिरवला होता की नाही हे चाकाच्या तारांवरून ओळखता येतं.

कवडसा

सगळ्यांचे मनापासून आभार. १२५ आयएसओचा रोल घेतला, आधी झोपाळा केला, मग शिडी. कॉन्टॅक्ट शीट समोर आहे. एफ/५.६ आणि एफ/८ च्या मधे चित्राचा सगळा स्वभाव बदलतो. एफ/५.६ ला नजर माणसावर जाते, एफ/८ पासून ती खांबांच्या रांगेवर जायला लागते. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

पण रोलच्या शेवटी हातात कॅमेरा घेऊन काही फ्रेम्स घेतल्या. त्यातल्या काही मऊ, म्हणजे अस्पष्ट, आल्यात आणि कारण कळत नाहीये. हात हलला, फोकस चुकला की वस्तू हलली, हे निगेटिव्हवरून ओळखायचं कसं?

डार्करूमवाली

लूप (डोळ्याला लावायचं भिंग) घ्या, निगेटिव्ह लाइट टेबलवर ठेवा आणि फ्रेममधला एखादा चकाकणारा बारीक बिंदू शोधा. धातूवरची चमक, पानांवरचा थेंब, डोळ्यातली चकाकी, काहीही. तो बिंदू सगळं सांगतो.

बिंदूची गोल चकती झाली असेल तर फोकस चुकलाय. कधीकधी अ‍ॅपर्चरच्या पात्यांचे कोपरेही त्या चकतीत दिसतात. मग फ्रेममध्ये पुढे किंवा मागे बघा, कुठेतरी दुसरंच काहीतरी लख्ख असतं. फोकस कुठे गेला ते तिथेच समजतं.

बिंदूची सरळ किंवा वाकडी रेघ झाली असेल, आणि फ्रेमभर सगळ्याच बिंदूंची तशीच, त्याच दिशेची रेघ झाली असेल, तर कॅमेरा हलला. ५० एमएमला हातात १/६० च्या खाली हे व्हायला लागतं. रेघेऐवजी प्रत्येक कडा दुहेरी दिसत असेल आणि शटर १/१५ ते १/४ च्या आसपास असेल, तर ट्रायपॉडवरसुद्धा आरशाच्या धक्क्याचा संशय घ्या. आरसा आधी उचलून ठेवायची सोय असेल तर वापरा.

भिंत लख्ख आणि फक्त माणसाची रेघ झाली असेल तर माणूस हलला.

आणखी एक ठिकाण लोकांच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र). प्रिंट मऊ आली तर ग्रेन फोकसरमधून ग्रेन (फिल्मचे बारीक कण) बघा. ग्रेन लख्ख आणि चित्र मऊ असेल तर जे झालं ते कॅमेऱ्यात झालं. ग्रेनच मऊ असेल तर निगेटिव्हला दोष देण्याआधी एन्लार्जर बघा, फोकस त्याचा गेलाय. डिजिटलमध्ये हा पुरावा असा मिळत नाही. ४०० आयएसओच्या रोलचा ठळक ग्रेन इथे मदतच करतो.

फिल्मवर शटर-अ‍ॅपर्चरची नोंद आपोआप होत नाही, तेव्हा वही ठेवा. फ्रेम नंबर, शटर, अ‍ॅपर्चर, अंतर. एवढंच. वहीशिवाय कॉन्टॅक्ट शीटवरून फार थोडं शिकता येतं.

लांब_सावली

आता कॅमेरा फिरवून घ्यायला लागा, म्हणजे पॅनिंग. आधी रोल न घालता. शटर १/३० वर, रिकामा कॅमेरा, आणि येणारी-जाणारी सायकल.

पायांची बोटं तिथे रोखा जिथे सायकल तुमच्या बरोबर समोर येणार आहे. कमरेतून मागे वळा, सायकल लांब असतानाच फ्रेममध्ये घ्या आणि कमरेतून तिच्याबरोबर फिरत या. कोपर अंगाला. समोर आली की बटण, आणि बटण दाबल्यावरही फिरणं थांबवायचं नाही. नवशिक्याचं पॅनिंग फसतं ते नेमकं इथे. बटणाबरोबर अंग थबकतं आणि शटर उघडं असतानाच कॅमेरा मागे पडतो.

एसएलआरमध्ये आरसा वर गेला की व्ह्यूफाइंडर काळा होतो. ज्या क्षणी चित्र होत असतं तोच क्षण तुम्हाला दिसत नाही. १/१५ ला हा अंधार चांगलाच जाणवतो. तेवढा वेळ अंगाने धरलेल्या वेगावर विश्वास ठेवावा लागतो, म्हणूनच रिकाम्या कॅमेऱ्याचा सराव. रेंजफाइंडरमध्ये (आरसा नसलेला, वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) हा अंधार नसतो, तिथे पॅनिंग शिकणं सोपं जातं.

फोकस आधीच रस्त्यावरच्या एका खुणेवर करून ठेवा. सायकल त्या खुणेवर आली की बटण. सुरुवात १/६० ने केलीत तर यश जास्त मिळेल पण मागचं फारसं वाहणार नाही. १/३० ला चित्राला जीव येतो. १/१५ ला बऱ्याचशा फ्रेम्स जातील, पण जी लागेल ती भिंतीवर लावावी अशी असेल.

कवडसा

शिडीवरून एक प्रश्न पडलाय. थिजलेली गती आणि उथळ खोली एका टोकाला, वाहती गती आणि भरपूर खोली दुसऱ्या टोकाला. पण मला थिजलेली गती आणि भरपूर खोली हवी असेल तर? किंवा वाहती गती आणि विरघळलेली पार्श्वभूमी?

मोजूनमापून

छान प्रश्न. चार जोड्यांपैकी दोन शिडीवर फुकट मिळतात. उरलेल्या दोन शिडीवर नाहीतच. त्यांच्यासाठी शिडीच बदलावी लागते, म्हणजे उजेड, रोल किंवा फिल्टर.

थिजलेली आणि खोल: भरपूर उजेड आणि वेगवान रोल. तुमचा ४०० चा रोल उन्हात एफ/१६ ला १/५०० वर अडला होता ना? ती हीच जोडी. एफ/१६ ला ५० एमएम लेन्सचा फोकस ५.२ मीटरवर ठेवला तर २.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं रेखीव, वर शटर १/५००. फोकसला हात न लावता रस्त्यावर चालत फोटो काढायला यापेक्षा सोयीचं काही नाही. उजेड कमी असेल तर ४०० चा रोल ८०० किंवा १६०० ला पुश करता येतो, म्हणजे तेवढा आयएसओ धरून फोटो काढायचे आणि डेव्हलपिंग जास्त वेळ करायचं. ग्रेन आणि कॉन्ट्रास्ट वाढतो, सावल्यांतला तपशील जातो.

वाहती आणि उथळ: इथे उजेड नकोसा असतो. ५० किंवा १०० चा रोल, संध्याकाळचा उजेड, नाहीतर एनडी फिल्टर. तीन स्टॉपचा एनडी लावला की सावलीतलं एफ/२ चं १/१००० हे १/१२५ वर येतं. आणखी दोन स्टॉपने उजेड उतरला की १/३०. आता पॅनिंग करा. ५ मीटरवरून जाणाऱ्या सायकलला एफ/२ ला साधारण सव्वा मीटरची खोली मिळते, तेवढ्यात सायकलस्वार मावतो. मागचं आधीच फोकसबाहेर आहे आणि वर ते फिल्मवर दीडेक मिमी ओढलंही जातंय. त्या दोन्हींचा मिळून जो रेशमी करडा पोत येतो तो मला फार प्रिय आहे.

सायंछाया

वाहत्या गतीत आणखी पुढे, सेकंदांच्या हिशोबात जाणार असाल तर एक गोष्ट सांगून ठेवते. एक सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं की फिल्म हिशोबाला धरून वागत नाही. तिची संवेदनशीलता घसरत जाते आणि मीटरने सांगितलेला वेळ कमी पडतो. इलफोर्ड आपल्या प्रत्येक फिल्मसाठी एक घातांक देते. मोजलेल्या सेकंदांचा तेवढा घात काढायचा. एचपी५ प्लससाठी (४०० आयएसओ) तो १.३१ आहे, एफपी४ प्लससाठी (१२५ आयएसओ) १.२६. म्हणजे मीटर १० सेकंद म्हणत असेल तर एचपी५ ला साधारण २० सेकंद आणि एफपी४ ला १८ सेकंद. अ‍ॅपर्चर उघडून भरपाई करू नका, खोली बदलेल. वेळच वाढवा.

लाटा, गर्दी, वाऱ्यात डोलणारं गवत यांना हे फार शोभतं. गर्दीत मात्र कुणीतरी एक जण थांबलेला असू द्या, नाहीतर नजर टेकायला काहीच उरत नाही.

कवडसा

शेवटचं एक विचारतो. लेन्सवर खोलीच्या खुणा आहेत, दोन्ही बाजूंना ८, ११, १६ असे आकडे. त्यावर पूर्ण विसंबून घेतलेल्या फ्रेम्स कॉन्टॅक्टवर लख्ख आहेत, पण मोठी प्रिंट केली तर मागचे खांब मऊ दिसतात. खुणा चुकीच्या आहेत का?

डार्करूमवाली

खुणा बरोबर आहेत, प्रिंट मोठी आहे. त्या खुणा वरच्या ०.०३ मिमीवर बेतलेल्या असतात, म्हणजे साधारण ८×१० इंचाची प्रिंट हातभर अंतरावरून बघणाऱ्यासाठी. १६×२० केलीत आणि तेवढ्याच अंतरावरून बघितलीत तर तोच ठिपका दुप्पट मोठा दिसतो. तेव्हा मोठी प्रिंट करायचा इरादा असेल तर लेन्स एफ/१६ वर ठेवा आणि खुणा मात्र ८ च्या वाचा. दोन स्टॉपची ही सूट पुरते. एफ/२२ असलेली लेन्स मिळाली तरी तिकडे जायची घाई करू नका, इतक्या लहान छिद्राने सगळं चित्रच किंचित मऊ होतं.

कॅमेऱ्यावर डेप्थ प्रिव्ह्यूची कळ (लेन्स निवडलेल्या अ‍ॅपर्चरपर्यंत बंद करून खोली दाखवणारी) असेल तर तीही दाबून बघत जा. एफ/१६ ला व्ह्यूफाइंडर अंधारतो, डोळा सरावायला थोडा वेळ द्या. मग कडेच्या खांबांकडे बघा, मधल्याकडे नको.